पत्र्यावरचे एकशे आठ

आबा, तुमचं तापमापक वीटभट्टीवरच्या कचेरीच्या पत्र्याला अजून तसंच लटकतंय, आणि त्याच्यावरून तुमचा लेक आणि मी, आम्ही बहीणभाऊ, यंदा कडाकडा भांडलो. त्याला तुमच्या फॅरनहाइटऐवजी सेल्सिअसचं हवंय. "शून्याला बर्फ, शंभराला पाणी उकळतं, सरळ हिशोब हाय," म्हणतो. शाळेत असताना मीही तुम्हाला हेच शिकवायला आले होते. तुम्ही हसलात. "आपल्या मांजरसुंब्याला बर्फ कवा पडला बये? शंभराच्या वर गेलं की मानसाला ताप, तसाच दिवसाला ताप. ह्यात शिकायचं काय हाय?" आणि सेल्सिअसच्या आकड्यांवर चिकटपट्टी मारून टाकलीत.

लाल रेघ एकशे आठला टेकली की तुम्ही हाळी द्यायचात. विटा थापणाऱ्या बाया साचे टाकून लिंबाखाली जायच्या. खरं सांगू? मला तेव्हा तुमचा संशयच यायचा. भट्टीचा मालक आणि मजुरांना बसा म्हणतो? ह्यांनाच दुपारी बाजेवर पडायचं असणार, म्हणायचे मी.

तुम्ही गेल्यावर आता भावाने नवं यंत्र लिंबाला लावलंय, ऐन रांजणावर. हाळी द्यायची बेचाळीसला, म्हणजे तुमच्या एकशे आठलाच; ते तिथवर जातच नाही. मुद्दामच लावलंय, दुसरं काय! परवा एक पोटुशी बाई थापता थापता चक्कर येऊन चिखलात बसली. मी ओरडले, तर हा म्हणतो, "आकडा बघ की, चाळीस बी न्हाई." चाळीस म्हटलं की पुढं शंभरापर्यंत लई जागा दिसते, आबा. एकशे आठ म्हटल्यावर असं बोलायची कुणाची छाती होत नाही.

तिला सावलीत निजवलं आणि तुमचं यंत्र काढून लिंबाखाली नेलं. म्हटलं, कोण खोटं बोलतंय ते एकदा पाहूच. थोड्या वेळाने तुमची रेघ भराभर उतरली. चिकटपट्टी उचकटली, तर दोन्हींचा आकडा एकच. म्हणजे इतकी वर्षं पत्राच आकडा फुगवत होता! वर बघते तर लिंबाच्या खोडात जुना खिळा, सालीने निम्मा गिळलेला. आधी तुम्हीही तिथंच लावलं होतंत. मग कशापायी हलवलंत? बायांसाठी, का झोपेसाठी?

भाऊ आलाच. "काय निघालं? आबाचंच खोटं हाय ना?"

"तुझंच कमी दाखवतंय. रांजणाचा गारवा लागतोय त्याला," मी म्हणाले. सावलीतला आकडा खरा असेलही, पण विटा काय सावलीत थापतात? चिकटपट्टी दाबून बसवली, यंत्र पत्र्याला टांगलं आणि रेघ टेकताच हाळी दिली. भावाला माझा संशय आलाय.

मलाही तुमचा अजून येतोच. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. बाया लिंबाखाली गेल्यावर मीही कचेरीत तुमच्या बाजेवर पडले, आबा. लई छान झोप लागली.