घाऱ्या डोळ्यांचा वाटा

मास्तर, काल तुमच्या नातवाने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातला चहा सांडला. तुम्ही गेलात तेव्हा मी मॅट्रिकला होतो. आता दीड वर्षाचं पोर तुमच्याच घाऱ्या डोळ्यांनी विचारतंय, कॉलेज का सोडलंस?

तुमची मुलगी आखाजीच्या सणाला माहेरी आली आहे. काल मोठ्या रस्त्यावर काकूंनी हाक मारली, "अरे ये ना, देख तरी, तुझे मास्तर परत आलेत!" तिचं लग्न झाल्यापासून मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवशी नागपूरचं कॉलेज अर्ध्यावर टाकून गाडीत बसलो, बुऱ्हाणपूरला उतरलो, आणि काहीच करू शकलो नाही. तेव्हापासून मामांच्या कापसाच्या आडतीवर बसतो आणि आल्या-गेल्याशी भांडतो. ओसरीवर जावई होते, तिला न्यायला आलेले. डोळे काळेभोर. तिचेही काळेच, काकूंवर गेलेले. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "जावईबापू, पोरगं सगळं मास्तरांवर गेलंय. तुमचा यात काही हिस्साच नाही की!" ती आत पाठमोरी आमरस गाळत होती, तिने वळूनही पाहिलं नाही. जावई मात्र हसले. "माझी आईपण घारी आहे, भाऊ. हिस्सा बरोबरीचा आहे."

आणि मला तुमचं परसू दिसू लागलं. हिवाळ्याची सकाळ आहे. तुम्ही काकूंच्या सुईने वाटाण्याची कळी उघडून आतले पुंकेसर काढताय, आणि गुळगुळीत दाण्याच्या झाडाचा पराग सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडाला लावताय. दाणे आले ते सगळे गुळगुळीत. "सुरकुती मेली, मास्तर," मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, "थांब जरा." पुढच्या हिवाळ्यात तेच दाणे पेरले. शेंग सोलली तर गुळगुळीत दाण्यांच्या मधोमध एक सुरकुतलेला! "बी बिघडलं," म्हणत मी तो भिरकावला. "उचल तो. बिघडला नाही, परत आलाय." तुमचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. मग समजावलंत. प्रत्येक दाण्यात दोन वाटे, एक आईकडचा, एक बापाकडचा. एक जरी गुळगुळीत असला तरी सुरकुती झाकली जाते, पण पुसली जात नाही. दोन्हीकडून तिचाच वाटा आला, की ती पुन्हा उघडी पडते. डोळ्यांचं गणित इतकं सोपं नसतं म्हणे, पण मुख्य चाल हीच.

म्हणजे मास्तर, ती एकटी तुम्हाला परत आणू शकली नसती. ज्या माणसाला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, त्याच्या आईचा वाटा येऊन भेटला तेव्हा हे डोळे उघडले. आणि त्याच्या आईला तो कुणी दिला? तिच्या मागच्या कुणी, त्यांच्याही मागच्या कुणी. तापीला किती पूर येऊन गेले असतील, आणि हा वाटा काळ्या डोळ्यांच्या माणसांमधून, त्यांना ठाऊकही नसताना, चालतच राहिला. त्या पोराला मांडीवर घेतलं तेव्हा वाटलं, आपण केवढी जुनी वस्तू धरली आहे! इतकी वर्षं मी तिच्या डोळ्यांत पाहत होतो. तुम्ही तिथेच होतात, आणि मला दिसला नाहीत.

निघताना जावयांना नमस्कार केला. त्यांनी पुन्हा या म्हटलं.

हे पत्र तुमच्याच घरी टाकावं लागेल, आणि सध्या दारातलं टपाल ती घेते. तेव्हा ते माझ्याच खिशात राहील. एक मात्र सांगतो. तिचं माझ्याशी जमलं असतं, तर तुम्ही असे परत आला असतात का, हे मनातून जात नाही. आमच्याकडे घारं कुणी झाल्याचं कुणालाच आठवत नाही, मी आईला विचारलं. झाकलेलं असेलही, पण ते आरशात दिसत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तरी आज सकाळी बराच वेळ आरशात पाहत होतो.