मिठागरातला पंख

३ जानेवारी १९५५, कोपरी, ठाणे
आलो एकदाचा. विलायतेहून परतल्यापासून पुण्यात सत्काराचे पेढे खाऊन जीव विटला होता. स्टेशनवर माझ्या प्रयोगाला पैसा पुरवणाऱ्या मालकांनी टांगा पाठवला होता आणि टांगेवाल्याची बडबड माझ्या ट्रंकेपेक्षा जास्त जागा अडवत होती. पण जागा झकास आहे. बंद पडलेल्या मिठागरावर पत्र्याची लांबलचक शेड, शेजारी माझी दोन खोल्यांची बंगली, समोर खाडी. हवा मोकळी. माझ्या बायकोच्या, हेमाच्या दम्याला नक्की मानवेल. महिनाअखेर तिला इथेच आणतो.

शेडमध्ये माझा पंख उभा आहे. प्रवासी विमानाचा, सागवानी सांगाड्यावर प्लायवुड चढवलेला, पाठीवर केसाएवढ्या फटींच्या रांगा. विमान उडताना पंखाच्या पाठीवर हवा अडखळते, घोटाळते, आणि तो घोटाळा ओढत नेण्यात निम्मं पेट्रोल जळतं. अडखळणारा थर फटींतून पंपाने आत ओढून घ्या, वरची हवा सुतासारखी सरळ जाते. एवढी साधी गोष्ट मुंबईतल्या तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांच्या डोक्यात शिरत नाही. सही कुठे करायची एवढंच त्यांच्या डोक्यात शिरतं.

६ जानेवारी
माझी फौज दोन माणसांची. दौलत फिटर, घाटावरचा, राहतो ठाकुर्लीला. हात बरा, डोकं देवळात गहाण. दुसरी सगुणा, इथलीच आगरी बाई, पंख पॉलिश पेपरने घासते. हे मिठागर तिच्याच सासऱ्याचं होतं. जमीन विकून हातात पैसा आला तरी घरी बसवत नाही म्हणे.

फटी नीट ओढतात की नाही ते मी उदबत्तीने तपासतो. पंप सुरू झाला की धूर आडवा होऊन फटीत शिरतो. मी उदबत्ती पेटवली की दौलत हात जोडतो. विमानविद्येचा सत्यनारायण चालला आहे इथे.

आणि सांजेला निराळंच नाटक. दिवेलागणीला सगुणा ओली लुगडी पंखावर पसरते, कोपऱ्यांवर मिठाची चिमूट टाकते, आणि ते सगळं होईपर्यंत पदर दातांत घट्ट धरून असते. विचारलं तर बोलेना. शेडबाहेर आल्यावर पदर सोडून म्हणाली, "सायब, सांजचे तोंडा उगरी ठेवाची नाय." इथे माठ, रांजण, विहीर, सगळं सांजेला झाकतात. खाडीत बुडालेल्यांना श्वास हवा असतो, उघडं तोंड दिसलं की ते शिरतात. झाकणाऱ्याचंही तोंड बंद हवं. शिरल्यावर पुढे काय होतं म्हणून विचारलं तर ते तिलाही ठाऊक नाही. सासू झाकायची म्हणून ही झाकते. मला हसू आवरेना.

११ जानेवारी
लुगड्यांची तुसं फटींत अडकली. सकाळ चिमट्याने तुसं काढण्यात गेली. लुगडी बाहेर फेकली आणि पंखाला तोंडं नसतात, फटी असतात, हे दोघांना मुंजीतल्या बटूला सांगावं तसं सांगितलं. दौलत तोंडातल्या तोंडात पुटपुटला. सगुणाने लुगडी गोळा केली आणि घर गाठलं. उद्यापासून येणार नाही म्हणाली. बरं झालं, ब्याद टळली.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगुळापेक्षा गोड आकडे हाती आले. हवेचा अडथळा माझ्या गणितापेक्षाही कितीतरी खाली. मालक २५ तारखेला मुंबईच्या त्या शहाण्यांना घेऊन येणार आहेत. त्यांचे पडलेले चेहरे पाहायला मी आतुर आहे. हेमालाही लिहिलं, त्याच दिवशी ये, नवऱ्याचा पराक्रम बघ.

१७ जानेवारी
संध्याकाळी वीज गेली. पंप बंद पडला. हातात पेटती उदबत्ती होती, तिचा धूर आडवाच राहिला. फटीत शिरत राहिला. दौलतने पाना खाली ठेवला आणि निघून गेला. पत्र्याला भोकं असतात, खाडीवरून वारा येतो, एवढं ज्याला कळत नाही तो फिटर कसला.

१९ जानेवारी
दौलत नाही. निरोप आला की धाप लागते, स्टेशनचा पूल चढवत नाही. विड्या ओढा आणखी.
पंखाखाली चिमण्या मरून पडल्या होत्या. सगळ्यांच्या चोची उघड्या. झाडून टाकल्या.

२१ जानेवारी
पंपाचा पट्टा काढला. नळी काढली. तरी धूर आत जातो. आज पंखाला कान लावला. आतून कुणी दम घेतल्यासारखा— लाकूड आहे, आवाज करणारच. शेडमध्ये उभं राहिलं की छाती रिकामी होते. बंगलीच्या पायऱ्या चढताना दोनदा बसलो.

२३ जानेवारी
हेमाला परवाच तार केली होती, येऊ नकोस. मेव्हण्याची उलट तार आली— ती आधीच निघाली. कल्याणला मावशीकडे उतरली आहे, तिथून परस्पर येईल. मी कल्याणला जायला निघालो. बांधापर्यंतही चालवलं नाही. तिची छाती आधीच कमजोर. तिला इथे श्वास मिळणार नाही.

२४ जानेवारी
सगुणाकडे निरोप धाडला. म्हणाली, सायबानेच झाकावं, उघडं त्यानेच टाकलं. काय तोरा.

शेवटी स्वतःच केलं. धोतरं, चादरी, पलंगपोस, सगळं भिजवून पंखावर घातलं. मीठ टाकलं. विलायतेत शिकलेला मी— मीठ. आणि आता दातांत धोतराचा सोगा धरू की काय? त्या बाईचं ध्यान आठवलं. हसू फुटलं. धापा टाकत, तोंड उघडून खदाखदा हसलो.

हसणं थांबलं तेव्हा शेड शांत होती. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. जिंकलो. हेमाला आता धोका नाही.

२५ जानेवारी, सकाळ
छाती भरलेली. इतका मोठा श्वास कधी घेतला नव्हता. पायऱ्या पळत चढलो. पाहुणे चारला येतील. दूधवाली ओट्यावर उभी राहून छाती चोळत होती— लठ्ठ आहे.

खात्री करावी म्हणून खोलीत उदबत्ती लावली.
धूर आडवा झाला.
माझ्याकडे.

श्वास सोडतो आहे— तरी माझ्याकडेच. नाकावर हात— बोटांमधून आत—

टांगा वाजला.

हेमा दारात. ट्रंक खाली ठेवली, चौकट धरली. अहो, इथे हवा का नाही, म्हणते. ओठ निळे. तोंड उघडून बोललो तर उरलंसुरलं ओढून— म्हणून लिहून दाखवतो आहे. वही तिच्याकडे धरली— तिला चष्म्याशिवाय लांबून वाचता येत नाही, एक पाऊल पुढे आली—

हेमा, परत जा. टांग्यात बस. माझ्याजवळ येऊ नकोस. तिथूनच वाच. चष्मा नसला तरी तिथूनच— हे वाचायला जवळ ये