आरतीचा शेवटचा सूर

येलहंका, बेंगळुरू
३ जानेवारी २०२५

ती. अनुसूया आत्यास केतकीचा शि. सा. न.

पोहण्याच्या शिबिरात फोन काढून घेतात, म्हणून हे पत्र. पोहणं छान चाललंय, उडीच अडलीय. शर्यतीला काठावरच्या उडीच्या ब्लॉकवर उभी राहिले की छाती धडधडते, श्वास घशात अडकतो. मागच्या वेळी तर शिट्टीआधीच खाली उतरले. नागराज सरांनी एकोणीस तारखेच्या चाचणीत शेवटची संधी दिलीय, नाहीतर घरी.

इथल्या डॉक्टर सुप्रीता म्हणतात, मेंदूतून निघून गळ्यावाटे काळजाकडे आणि पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस असते. श्वास सावकाश सोडला, गुणगुणलं, की तिच्यामार्फत ठोके जरा मंदावतात, मनही निवतं. जादू नाही, सराव हवा, असंही बजावतात. पण मी आकडे मोजत श्वास सोडते आणि त्याचंच दडपण येतं. लहानपणापासून जमतं असं काही कर, म्हणाल्या. मला आपली आरती आठवली. शेवटचा सूर कोण जास्त लांबवतं अशी आपली चुरस असायची आणि दरवेळी तूच जिंकायचीस. कसं गं जमायचं?

उत्तराची वाट पाहते.
तुझी केतकी

बेळगाव
९ जानेवारी

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

अगं, तू माझ्याकडे डोळे वटारून ओरडायचीस, मग श्वास पुरणार कसा? मी जिंकायला गातच नव्हते. हलक्या सुरात धरायचं आणि संपेल तेव्हा संपू द्यायचं, एवढंच.

तुला लिहायचं म्हणून आज स्वयंपाकघरात करून पाहिलं. तुझे आतोबा गेल्यापासून मी देवळात आरतीला गेले नाही. तोंड उघडलं की गळा दाटतो. तोंड मिटून मात्र सूर निघाला. शेजारची शिवलीला धावत आली, मिक्सर बिघडला का विचारायला! आधी हसले, मग रडले, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. तुझ्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग.

नंबराचा घोर नको. जेवत जा.
तुझी आत्या

येलहंका
२० जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न.

ब्लॉकवर गुणगुणले! छाती धडधडतच होती, पण श्वास अडकला नाही. शेजारच्या लेनमधली कावेरी बघतच राहिली. शिट्टी झाली आणि मी पाण्यात होते. चौथी आले. सर कानडी मिसळत म्हणाले, सरी, ठीक आहे, वेळ स्वल्प कमी करायला हवा, पण शिबिरात राहा.

डॉक्टरांचे उपकार आहेतच, पण सूर तुझा. तू लिहिलं नसतंस तर मी अजून काठावरच असते. फार बरं वाटतंय, आत्या.

माघी गणेशजयंतीला सुट्टी घेऊन बेळगावला येतेय. दोघी देवळात जाऊ. गळा दाटला तर दाटू दे. तू थांबशील तिथून सूर मी उचलेन.

अशीच माया राहू दे.
तुझी केतकी