कांडी

१९ जानेवारी
आज दुकानातला भज्याचा गॅस-फ्रायर तीनदा इझला. काल अमावस्या, दुकान बंद. आमच्या घरच्या रीतीनं त्याले घासूनपुसून हळदकुंकू लावलं, तरी हे. नातू प्रशांत म्हणे, "आजी, तुह्या कुंकवाले भेला असन." म्हटलं, माह्या कुंकवाले तुहा आजा भेला नाई, मशीन काय भेते.
लिवते ती नातसून ज्योती. मी सांगतो, ती लिवते. मनाचं काई घालत नाई म्हणते. पाहू.

२० जानेवारी
पहिला घाणा बरा. दुसऱ्यात जाळ गपकन बंद. प्रशांतनं बटण दाबून धरलं, बारकी जोत लावली, पेटला. अर्ध्या तासानं पुन्हा तेच. ज्योतीनं फ्रायरवरचा तापाचा आकडा वाचला, एकशे साठ. मी पिठाचा थेंब टाकला, तो वर येतायेताच काळा. म्हटलं, आकडा लबाड बोलून राह्यला. प्रशांत म्हणे, "आजी, तुले आकडे कवापासून समजाले लागले?" तेल समजते, म्हटलं.

२१ जानेवारी
प्रशांत ज्योतीवर डाफरला. "तूच कायतरी हलवलं." (इथं पेन थांबला. लिव, म्हटलं.) तेल लय तापलं की गॅस तोडणारं एक बटण असते, त्याच्या तारा प्रशांतनं एकमेकीले जोडून टाकल्या. डायरेक्ट. "आता इझून दाखव म्हणा त्याले."
दिवसभर नाई इझला. मले त्याचंच भेव.

२२ जानेवारी
तेलातून निळा धूर. ज्योती झारा घेऊन वाकलेली, पदर पुढं.
"पोरी, मांगं हो."
"आजी, गिऱ्हाईक उभे हायेत."
"गिऱ्हाईक दुसरे भेटन."
गॅसची चावी मीच फिरवली. घाईत पहिल्यांदा उलटीच फिरली. तेल निवल्यावर डोकावलो. तेलात बुडून आकडा सांगणारी जी कांडी असते, ती तेलात नव्हती. वर अधांतरी लटकून राह्यली होती. मंग तिले काय समजन, तेल किती तापलं ते. अन मंग मले आठवलं.
आज एवढंच. काय आठवलं ते इचारू नको.

२३ जानेवारी
दुकान बंद. वर्ध्याचा मिस्त्री फोनवर म्हणे, मी येईपर्यंत हात लावू नका. कवा येते, सांगत नाई. प्रशांत म्हणे, उद्या बाजार, पेटवाच लागते. अन ज्योतीले, "तुह्यापाईच बिघडलं."
मी जेवलो नाई. सांगितलं, पोट बरं नाई.

२४ जानेवारी, सकाळ
ज्योती, आता लिव. मधात बोलू नको.
कांडी मी काढली. अमावस्येले राखेनं घासताना, तिले तेलात धरून ठेवते त्या चिमट्यातून सोडवली. काळी होती, चकचकीत केली. परत बसवाची राह्यली. काल दुपारी कोणी नसताना बसवाले गेलतो, तर चिमटाच तुटून हातात आला. पदरात बांधला हाय. हा पाह्य.
आठवल्यावरही दोन दिवस तुले बोलणे खाऊ देल्ले. काऊन, तर भेव. सांगितलं तर म्हणतीन, म्हातारे, घरी बस. घरी बसून मी काय करू, भिताडाले भजे तळू?
पण त्या धुरात तू दिसली ना, ते भेव याच्यापेक्षा मोठं हाय.
ज्योतीनं मान वर केली नाई. इतकंच म्हणे, "आजी, हे खोडू का?"
नको खोडू.
बाहेर प्रशांतनं शटर उचलल्याचा आवाज आला. आज फ्रायरले थांबवाले ते बटणही नाई, कांडीही नाई. ऊठ. वही घे संग. मी बोलतो प्रशांतशी. तोंडातून नाईच निघालं, तर तू वाचजो.