परत न घेतलेला चेक

मंगळवार, ४ तारीख. हडपसर.

उद्याच्या तारखेचा माझा चेक अजून शेठकडेच आहे. त्याच्याकडून जुना टेम्पो घेताना हप्त्यांचे बारा चेक सही करून दिले होते. शेवटचा हप्ता मात्र गेल्या आठवड्यात रोखीने भरला. चेक परत मागितला, तर म्हणाला, "सापडला की फाडून टाकतो, काका. आणि आपल्यात पावती कसली?" मी हसून निघालो. का हसलो?

आज हिने सरळ विचारलं, "अहो, उद्या त्याने चेक लावला तर? खात्यात पोरीच्या नर्सिंगची फी आहे. तीही टेम्पोलाच घालायची का?"

बुद्धवंदनेला बसलो, तरी डोळ्यांसमोर तोच चेक, खाली माझीच सही. पैसे काढून ठेवावेत, तर चेक न वटता परत जाईल आणि खोटा मी ठरेन.

खरं लिहितो. माझा त्याच्यावर विश्वास नव्हताच. पावती मागायची लाज वाटली, आणि त्या लाजेला मी विश्वास म्हणत बसलो. सकाळी बँक उघडताच चेक थांबवायचा अर्ज देईन. मग शेठला मीच फोन करून तसं सांगेन. रागावला तर रागावू दे.