खजुराच्या बागेतलं घर

अपेक्षा बाळ,

तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. हुफूफच्या बागेतलं जे जुनं मातीचं घर तुम्ही दुरुस्त करताय, तिथे मी त्या अरब गवंड्याच्या, अबू सालेहच्या गाडीतून चाललोय. बीपीची गोळी घेतली आहे.

काल साइटवर नेलंस, तेव्हा वाटलं, सासऱ्याचा वेळ जावा म्हणून नेतेयस. पण तिथले गवंडी ना सिमेंट वापरतात, ना यंत्र; चिखलात पेंढा तुडवून हातांनी भिंती उभारतात. दाराची चौकट मात्र त्यांना साधेना. जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसाला ते बघवेना.

तू फोनवर होतीस, तेव्हा मी अबू सालेहला तुझ्या सासूबद्दल सांगितलं. ती गेल्यापासून तिच्याबद्दल पहिल्यांदाच कुणाशी बोललो, तेही मालवणीत. त्याला एक अक्षर कळलं नसेल. तरी हातातलं काम खाली ठेवून त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग माझ्या हातात पटाशी दिली.

दुपारी जेवायला वाट बघू नकोस. ते सगळे एका थाळीत जेवतात, मलाही बोलावलंय.

शुक्रवारचं परतीचं तिकीट मीच हट्टाने काढायला लावलं होतं. ते पुढे ढकलायला पंकजला तूच सांग. पोराला स्वतः सांगायची मला लाज वाटते.

बाबा