तीनशे चाळीस पाकिटांची व्यवस्था

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकोणपन्नास, महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात सत्तावीस वर्षे प्रयोगशाळा परिचर, शिक्षण गावच्या शाळेत दहावीपर्यंत, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. हृदय मात्र ठिकाणावर नाही. येत्या गुरुवारी त्याची शस्त्रक्रिया आहे आणि ती यंत्राच्या हाताने होणार आहे. त्या यंत्राबद्दल मी पेपरात इतके चांगले वाचले आहे की मृत्युपत्र आधीच करून ठेवावे असे वाटले.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या पत्नीचे. पुढच्या खोलीची खिडकी आधी वर उचलायची आणि मग ढकलायची असते, हे तिला ठाऊक आहे. मी बावीस वर्षे नुसताच ढकलत आलो.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. आकडा सांगत नाही, हे उतरवून घेणाऱ्या वकीलबाईंसमोर संकोच वाटतो.

कलम तिसरे. माझे स्क्रूड्रायव्हर, तारांना डाख देण्याची इस्त्री आणि निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्या जागी जो परिचर येईल त्याला द्यावीत. वहीत प्रत्येक उपकरणाची खोड लिहिली आहे. कोणता काटा अडकतो आणि त्याला कुठे टिचकी मारायची, जाडी मोजायचा कोणता स्क्रूगेज बंद असतानाही शून्याऐवजी काहीतरी दाखवतो आणि ते किती, हे सगळे. उपकरण चुकते याचे वाईट वाटून घेऊ नये. किती चुकते ते ठाऊक असले की त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. माझ्या सगळ्या नोकरीचे सार एवढेच आहे.

मध्यंतरी मी फोनमधल्या बोलक्या यंत्राला आमच्या सात नंबरच्या स्क्रूगेजची चूक विचारली. त्याने तो कधी पाहिलेला नाही, तरी लगेच आकडा सांगितला, दशांश चिन्हासकट. ‘मला माहीत नाही’ एवढे तीन शब्द त्याला कोणी शिकवलेले दिसत नाहीत.

कलम चौथे. ही अडचण आमच्या मोठ्या सरांचीही होती, पण ते निदान निवृत्त झाले. तपासणीच्या दिवशी मी भिंतीवर सगळ्या उपकरणांच्या चुकांचा तक्ता लावला होता. सरांनी पाहुण्यांसमोर तो फाडला आणि म्हणाले, “आमच्याकडे सगळं अचूक आहे.” त्या तक्त्याची नक्कल मी काच लावून ठेवली आहे. ती त्यांना घरपोच द्यावी. मनात राग नाही. थोडा आहे.

कलम पाचवे. पत्नीचे धाकटे बंधू, ज्यांना घरात सगळे बातमीदार म्हणतात, यांनी मला फोनवर पाठवलेले सगळे शोध त्यांना परत करावेत. कॉफीने आयुष्य वाढते आणि कॉफीने आयुष्य घटते, हे दोन्ही त्यांनी एकाच आठवड्यात पाठवले होते.

“भाऊजी, यातलं खरं काय ते तुम्हीच सांगा,” ते म्हणाले.

“मी चहा पितो,” मी सांगितले.

“तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. शास्त्रज्ञ थक्क झालेत, इथे लिहिलंय.”

शास्त्राच्या माणसांत मी सत्तावीस वर्षे काढली. ते थक्क झालेले मी एकदाच पाहिले, वर्गातला पंखा पहिल्याच बटणाला फिरला तेव्हा. आणि उंदरांचे तर सगळे रोग बरे करून झाले आहेत. उंदराच्या जन्माला आलो असतो तर गुरुवारची वेळ आली नसती.

कलम सहावे. मी रोज सकाळी ज्या कोपऱ्यात दहा मिनिटे हात जोडून बसतो, तिथे माझ्या पश्चात टीव्ही ठेवू नये. त्या दहा मिनिटांत मला काय मिळाले ते मोजता आलेले नाही. पण देवाने मला कधी तारीख दिली नाही, म्हणून त्याचे पाकीट करावे लागले नाही.

कलम सातवे. पाकिटांबद्दल आता सांगितले पाहिजे.

नोकरीला लागलो त्या वर्षापासून मी एक सवय ठेवली. पेपरात ‘येत्या पाच वर्षांत’ किंवा ‘येत्या दहा वर्षांत’ अशी शास्त्राची बातमी आली की कापायची, पाकिटात घालायची, वर मुदतीची तारीख लिहायची आणि पत्र्याच्या पेटीत लावून ठेवायची. तारीख आली की प्रार्थना झाल्यावर पाकीट उघडायचे. उडत्या मोटारी तीनदा आल्या आणि तीनदा राहिल्या. आजपर्यंत तीनशे चाळीस पाकिटे झाली. उघडलेल्यांपैकी तीन खरी निघाली: भिंतीवर टांगायचा पातळ टीव्ही, रस्ता दाखवणारा फोन आणि थोड्या विजेवर जळणारा दिवा. मला त्यांचा आनंद झाला होता. मी खोटेपणा शोधत बसलो होतो असे कोणी म्हणू नये. प्रत्येक वेळी पाकीट फोडताना मला वाटायचे, या खेपेला असेल.

चार वर्षांपूर्वी पेपरात माझ्या मुलीचा फोटो आला. ती परदेशात संशोधन करते. मथळा होता, ‘सुई विसरा, पाच वर्षांत घामावरून कळेल साखर’. माझी पत्नी रोज सकाळी बोटाला सुई टोचून साखर बघते. तिने तो फोटो दोन्ही हातांनी धरला होता. मुलगी तेव्हा सुट्टीला घरी आली होती. शेजारी जमले होते. आणि मी कात्री घेतली, बातमी कापली, पाकिटात घातली, तारीख लिहिली. हात आपोआप चालले, दुसरे काही कारण देता येत नाही.

“बाबा, मलाही पेटीत?” ती म्हणाली.

“नियम सगळ्यांना सारखा.”

“किती उघडली आतापर्यंत?”

“दोनशे चौदा.”

“खरी किती?”

“तीन.”

ती हसली, पण डोळ्यांनी नाही. “म्हणजे तुम्ही माझ्याविरुद्ध पैज लावलीच आहे,” म्हणाली आणि बॅग भरायला आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मीही फोन केला नाही. बापाने काय म्हणून करावा, हे पहिल्या वर्षी वाटले. दुसऱ्या वर्षापासून आता काय म्हणून करावा, असे वाटू लागले.

तिचा प्रबंध छापला गेल्याचे आमच्या ग्रंथपालांनी सांगितले आणि मागवूनही दिला. तो इंग्रजीत आहे आणि मला ती भाषा नीट येत नाही. कोश मांडीवर घेऊन आठ महिने वाचला. शेवटून दुसऱ्या पानावर तिने लिहिले आहे की घाम वाळला तर मोजणी चुकते, शंभरात अठरा वेळा चुकते, आणि हे घरोघरी वापरता येईल की नाही हे आज सांगता येत नाही. कदाचित वीस वर्षेही लागतील. पेपरवाल्यालाही तिने हेच सांगितले होते, असे तळटीपेत आहे. पाच वर्षे हा आकडा त्याचा.

ती नऊ वर्षांची असताना सुट्टीत माझ्याबरोबर प्रयोगशाळेत यायची. स्टुलावर उभी राहून स्वतःचा केस स्क्रूगेजमध्ये धरायची. “बाबा, तीनदा मोजला, तीनदा वेगळं आलं.” मी म्हणायचो, “मग तिन्ही लिही.” ती अजून तिन्ही लिहिते. आणि मी, छापलेल्या प्रत्येक ओळीवर शंका घेणारा माणूस, आयुष्यात एकच ओळ, ती पाच वर्षे म्हणाली ही, विचारल्याशिवाय खरी धरली. पोर बाजूला उभी होती, विचारायला पाऊलसुद्धा टाकावे लागले नसते.

सबब पेटी आणि त्यातली पाकिटे महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावीत. तिचे पाकीट मी त्यातून काढले आहे.

कलम आठवे. माझ्या मृत्यूनंतर वरील कलम माझ्या मुलीला वाचून दाखवावे, आणि तिचे बरोबर होते असे तिला माझ्या वतीने सांगावे.

येथे वकीलबाईंनी लेखणी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, “हे असं चालणार नाही. गुरुवारी तुम्ही वाचलात, तर हा कागद कपाटात पडून राहील. मुलीला काही कळणारच नाही. मग देवाकडे मागणार काय तुम्ही, जगणं की मरणं?”

“हे एक कलम आजपासून लागू आहे असं लिहा.”

“त्याला मृत्युपत्र म्हणत नाहीत. फोन म्हणतात.”

पत्नी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “चार वर्षं मी दुसरं काय सांगतेय? तेही फी न घेता. दर रविवारी ती फोन करते, हे शेजारच्या खोलीत पेपर धरून बसतात. तासभर पान उलटत नाहीत.”

हे खरे आहे. भिंतीतून मला फक्त पत्नीचे बोलणे ऐकू येते. ती ‘हं’ म्हणते तेव्हा पलीकडे काय म्हटले गेले असेल, ते मी जुळवत बसतो.

सबब कलम आठवे रद्द केले आहे. ते मी स्वतः बजावीन.

सही: (माझी)
साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी. सही करताना गळ्यातला टेप काढून ठेवला.
साक्षीदार दुसरा: महाविद्यालयाचे ग्रंथपाल.
ठिकाण: राहते घर, पुढची खोली. दिनांक चौदा जून, शनिवार.

पुरवणी. आज मुलीचा फोन आला तेव्हा पत्नीने तो माझ्या हातात दिला. मी ठरवून ठेवलेले वाक्य विसरलो. “शेवटून दुसरं पान वाचलं,” एवढेच म्हणालो.

मग तिने विचारले, “आई म्हणते ऑपरेशन आहे. डॉक्टर काय म्हणाले?”

“शंभरात दोन दगावतात म्हणाले.”

“हे किती जणांवरून काढलंय? विचारलंत?”

“नाही.”

“तुम्ही? विचारलं नाहीत?”

“घाबरलो होतो,” मी म्हणालो. हे मी घरातही कोणाला सांगितले नव्हते.

“मी येऊन विचारते,” ती म्हणाली. तिचा आवाज थोडा जाड झाला आहे. भिंतीतून ते कळत नव्हते.

तिचे विमान गुरुवारी सकाळी सहाला उतरते आणि मला सातला आत नेणार आहेत. तिला उशीर झाला तर मला आत नेऊ नये, बाहेर बाकावर बसू द्यावे, असे मी रुग्णालयाला आजच लेखी कळवले आहे.

सही: (माझी)
साक्षीदार: पत्नी. कायद्याने चालते की नाही ते माहीत नाही.
ठिकाण: फोनजवळ. दिनांक पंधरा जून, रविवार.